दुभाष्याचा क्रूस

मुंबईहून ठाण्याकडे जाणाऱ्या प्रवाशास कांजूरमार्गाची ओळख असते ती लोहमार्गावरील एक गजबजलेले स्थानक एवढीच. परंतु कांजूर, भांडुप ही गावे ज्या साष्टी बेटावर वसली, ते बेट १५३४ च्या तहाने वसईबरोबर पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकीपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. ह्या दोनशे वर्षांत येथील लोकांनी क्रूस पाहिला तो बहुधा राजसत्तेच्या शेजारी उभा असलेला. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले, ही त्याची एक साक्ष. म्हणूनच ख्रिस्ती आत्मार्पणाचा विषय निघाला की आपल्याकडील विचारी वाचक विचारतो, ज्या धर्माच्या पाठीशी तोफा होत्या त्याने त्यागाच्या गोष्टी कराव्यात काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधावयास खाडीपलीकडच्या वसईत सुमारे १५५७ मध्ये जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाच्या चरित्राकडे वळावे लागते.

त्याचा पिता पोर्तुगीज व माता ह्याच भूमीतील होती. वसईच्या जेसुइट पाद्र्यांपाशी शिकून तो लहान वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथील भाषा त्याने आत्मसात केली आणि काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. जेसुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची मोठी इच्छा होती. ती फळास आली नाही. मग त्याने व्यापार धरला व त्यात यश मिळविले. पण मन रमेना. तेव्हा मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीकडे वकील म्हणून गेला, तेव्हा गार्सिया त्याचा दुभाष्या झाला. क्योतो येथे ह्या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली.

१५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले. आधी पाद्री येतात आणि मागून सैन्य येते, असे त्यावरील एका खलाशाने सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. कथेच्या तपशिलाविषयी वाद असला, तरी हिदेयोशीचा संशय निराधार होता असे साष्टीचा इतिहास जाणणाऱ्याने तरी म्हणू नये. मात्र त्या संशयाचे मोल ज्यांनी दिले त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. डाव्या कानाचा भाग कापून त्यांस ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत नागासाकीस नेण्यात आले. निघताना ते चोवीस होते. त्यांच्या शुश्रूषेसाठी वाटेने येणारे दोघे पकडले गेले आणि संख्या सव्वीस झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्या सर्वांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले.

ईश्वरेच्छेस शरण जाणे म्हणजे मरणाची हौस नव्हे. गेथशेमानेच्या बागेत येशूने प्रथम दुःखाचा प्याला टळावा अशीच प्रार्थना केली आणि मगच पित्याच्या इच्छेपुढे मान तुकविली. स्वतःची इच्छा प्रांजळपणे सांगून ती खाली ठेवणे, हा त्या शरणागतीचा गाभा आहे. गार्सियाची पहिली इच्छा अपुरी राहिली; दुसऱ्या मार्गाने हाती आलेले ऐश्वर्य त्याने आपण होऊन सोडले. आणि जे काम पत्करले ते दुभाष्याचे! दुभाष्यास स्वतःचे असे बोलणे नसते. दुसऱ्याचा शब्द निष्ठेने पोहोचविणे हाच त्याचा धर्म. क्रूसावरील सकाळ एकच होती. पण स्वतःला मागे ठेवण्याचा अभ्यास कित्येक वर्षांचा होता. त्या वाटेत सामील झालेल्या दोघांनी तर हीच गोष्ट एकाही प्रवचनावाचून सिद्ध केली. त्यांनी मरण मागितले नव्हते. केवळ सोबत सोडली नाही.

१८६२ मध्ये रोमने गार्सियास संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत होय. त्याच्या मरणाने साष्टीतील सत्तेचा दोष धुऊन निघत नाही, तसे त्या दोषाने त्याच्या मरणाचे मोलही उणे होत नाही. एकच क्रूस मंडपेश्वरी सत्तेची खूण झाला आणि नागासाकीस सत्तेचा बळी. ह्यांपैकी ख्रिस्ताच्या मूळ कथेशी कोणता जुळतो, हे सांगावयास धर्मशास्त्री असण्याची गरज नाही.