एअर हायवे : नाव एकाचं, पाणी दुसऱ्यांचं

आजचा भाग जरा कोरडा आहे. म्हणजे विषय कोरडा आहे, कंटाळू नका.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर सेदूना ते नॉर्समन असा सुमारे 1200 किलोमीटरचा रस्ता आहे. साधारण मुंबई ते जयपूर. एका बाजूला समुद्रात सरळ तुटलेले कडे, दुसऱ्या बाजूला नलारबोरचं माळरान. या नावाचा लॅटिनमधला अर्थच 'एकही झाड नाही'. सुट्ट्या लागल्या की तिथली कुटुंबं गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून इथे निघतात. आईबाबा, मागच्या सीटवर भांडणारी पोरं, आणि निघण्याआधी काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी. कारण वाटेतल्या पेट्रोल पंपावर डिझेल मिळेल, बर्गर मिळेल, पण टाकी भरून पाणी मिळेलच असं नाही.

हाच प्रश्न 1841 मध्ये एडवर्ड जॉन एअरसमोर होता. वय 25. फेब्रुवारीत फाउलर्स बेहून तो पश्चिमेला निघाला. सोबत बॅक्स्टर हा त्याचा जुना साथीदार आणि तीन आदिवासी तरुण. त्यातला वायली हा पार पश्चिमेकडच्या ऑल्बनीचा, म्हणजे त्याच्यासाठी हा घरी जायचा रस्ता.

शाळेच्या पुस्तकात अशा माणसाला 'शोधक' म्हणतात. पण पाणी शोधलं कुणी? कडे सुरू होण्याआधी तिथल्या स्थानिक लोकांनी एअरला वाळूच्या टेकड्यांत पाणी कुठे आहे ते दाखवलं. पुढचं पाणी थेट कडे संपल्यावर, हेही सांगितलं. मधले पाच दिवस घोड्यांना थेंबही नाही. मग आजच्या यूक्लाजवळ वाळूत लोकांनी आधीच खणलेले झरे सापडले, आपल्याकडे नदीच्या पात्रात खणतात ना, तसेच.

29 एप्रिलच्या रात्री दोन तरुणांनी बॅक्स्टरला गोळी घातली आणि बंदुका, बरंचसं सामान घेऊन ते पसार झाले. बॅक्स्टरला पुरताही येईना, खाली सगळा सलग खडक. एअरने त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि तिथेच ठेवलं. वायली मात्र थांबला.

आता दोघंच. पुन्हा सात दिवस घोडे तहानलेले. बॅक्स्टर जिवंत असतानाच एका पहाटे एअरने झुडपांवरचं दव स्पंजने टिपून भांड्यात पिळलं होतं. घोडा मारून खाल्ला, त्याने पोटं बिघडली. किनाऱ्यावर मेलेला पेंग्विन सापडला, तो वायलीने एका बैठकीत संपवला. (हसू नका, तुम्ही दुपारी जेवण उशिरा आलं तरी चिडता.)

जूनमध्ये 'मिसिसिपी' नावाचं फ्रेंच देवमासे पकडणारं जहाज दिसलं. जवळपास दोन आठवडे दोघं जहाजावर जेवले, झोपले आणि पुन्हा चालायला लागले. 7 जुलैला भर पावसात ऑल्बनी आलं. वायली आपल्या माणसांत परतला. एअरच्या शिफारशीवरून त्याला सरकारी शिधा सुरू झाला. एअरला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

महायुद्धात, 1941-42 मध्ये, इथे कच्चा रस्ता झाला. पूर्ण डांबरी व्हायला 1976 उजाडलं. कॅरॅव्हॅनची गर्दी त्यानंतरची. रस्त्याला नाव दिलं 'एअर हायवे'.

एअरची गोष्ट मात्र ऑल्बनीला संपत नाही. ऑस्ट्रेलियात तो आदिवासींच्या बाजूने बोलणारा अधिकारी म्हणून ओळखला गेला. पुढे तो जमैकाचा गव्हर्नर झाला. 1865 मध्ये मोरांट बे इथे गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा त्याने लष्करी कायदा लावला. 400 हून अधिक माणसं मारली गेली. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल, डार्विन यांनी त्याच्यावर खटला चालवा म्हणून जोर लावला, तर डिकन्स आणि कार्लाइल त्याच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा झालीच नाही.

त्या खटल्याच्या भानगडीवर पुढच्या भागात बोलू.