लघुगुरूंची कुळकथा

माजिवडा हे नाव बोलताना तीन तुकड्यांत पडतं: मा-जिव-डा. तेच श्लोकात बसवायचं, तर अक्षरं चार मोजावी लागतात: मा-जि-व-डा. कडेची दोन गुरू, मधली दोन लघू. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. कसंही तोडा, मात्रा सहाच भरतात. डोंबिवलीचंही नेमकं तसंच.

ही मोजणी आपल्याला मिळाली ती पिंगलाच्या छंदःसूत्रांपासून चालत आलेल्या संस्कृत परंपरेतून. तीन-तीन अक्षरांचे आठ गण तिथलेच. शाळेत घोकलेलं ‘यमाताराजभानसलगं’ ही त्यांची किल्ली. गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं घेतली की लघुगुरूंचा क्रम हाती येतो. ‘भानस’ म्हणजे गुरू, लघू, लघू. ‘माजिव’ हा तोच भ गण. ‘यमाता’ चारदा म्हटलं की भुजंगप्रयाताचा एक चरण होतो. रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत.

अभंगाची रीत मात्र निराळी. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरंच मोजायची. मोरोपंतांची आर्या पुन्हा मात्रांवर तोललेली. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात वृत्त, जाती आणि छंद अशी या साऱ्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. ग्रंथ १९२७ सालचा. त्याची वाढवलेली आवृत्ती १९३७ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली.

या शास्त्राचा खरा कस लागतो तो आघाताशी. इटालियनमध्ये ‘आंकोरा’च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर जहाजाचा नांगर, मधल्यावर दिला तर ‘अजून’. मराठीत जोर असा मोकळा फिरत नाही, तो जोडाक्षरामुळे येतो. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही, म्हणून तो लघू. ‘तुम्ही’तला ‘तु’सुद्धा लघूच, पुढे जोडाक्षर असूनही. इथे डोळ्यांनी पाहून भागत नाही, मोठ्याने म्हणावंच लागतं.

म्हणून मराठी शिकवणाऱ्यांना एक विनंती. गणांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना आपापल्या गावाचं, स्टेशनाचं नाव मोठ्याने म्हणायला लावा आणि त्यातले लघुगुरू कानांनी ओळखू द्या. तक्ता त्यानंतर द्या. मग तो घोकावा लागणार नाही.