पदार्थाचे नाव आणि पदार्थाचा इतिहास

एखाद्या पदार्थाचे नाव परकीय असले की तो पदार्थही परकीयच असावा, असे अनुमान खाद्यपदार्थांच्या इतिहासात पुष्कळदा केले जाते. नाव आणि पदार्थ एकाच वाटेने प्रवास करतात, हे त्यामागील गृहीत होय. ते कितपत ग्राह्य आहे हे पाहावयाचे असल्यास फिलिपाइन्समधील ‘सिनिगांग’ हा डुकराच्या मांसाचा व भाज्यांचा आंबट रस्सा आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील त्याला जवळचे पदार्थ यांची तुलना उद्बोधक ठरते.

तुलनेसाठी पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे स्थळ घेता येईल. नावातील ‘पाडा’ हे पद लहान वस्तीचे वाचक आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे नवी मुंबईच्या विस्तारात ही वस्ती खारघरमध्ये सामावली गेली. शेजारच्या उरण तालुक्यात १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर कार्यान्वित झाले. जगाच्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो आणि भारतीय खलाशी मोठ्या संख्येने एकत्र काम करीत असल्यामुळे या किनाऱ्यास सिनिगांग अगदीच अपरिचित राहावे असे नाही.

बेलपाड्यातील एखाद्या घरी हा पदार्थ करावयाचा झाल्यास साहित्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. हाडाचे व चरबीचे मांस पाण्यात उकळत ठेवावयाचे, वर येणारा फेस काढून टाकावयाचा आणि कांदा, टोमॅटो व अळकुड्या घालून मांस मऊ होईपर्यंत मंद आचेवर शिजू द्यावयाचे. अळकुड्या विरघळू लागल्या की रश्श्यास दाटपणा येतो. मग उकडून गाळलेला चिंचेचा कोळ, मुळा, वांगे, चवळीच्या शेंगा, भेंडी व लांब हिरवी मिरची आणि अखेरीस नाळीच्या भाजीचा पाला घालावयाचा. मीठ किंवा माशांचे खारवलेले पाणी घातल्यावर रस्सा भाताबरोबर वाढतात. यांपैकी एकही भाजी कोकणास अनोळखी नाही. फरक आहे तो कृतीत. येथे फोडणी नाही, वाटण नाही आणि खोबरेही नाही.

आता शब्दांकडे वळू. ‘सिनिगांग’ हा शब्द अस्सल तागालोग आहे. ‘सिगांग’ म्हणजे रस्सा करून शिजविणे. या धातूच्या पोटात ‘-इन्-’ हा मध्यप्रत्यय शिरून ‘शिजविलेले’ अशा अर्थाचे रूप सिद्ध होते. परंतु त्याच भांड्यातील मुळ्याचे नाव ‘लाबानोस’ आणि टोमॅटोचे ‘कामातिस’ आहे. दोन्ही शब्द स्पॅनिशमधून आले असून स्पॅनिश अनेकवचनाचा सकार त्यांस एकवचनातही चिकटून राहिला आहे. टोमॅटो व मिरची मुळात अमेरिकेतील. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. अमेरिकेतील पिके फिलिपाइन्समध्ये येण्याचा तो मोठा मार्ग होता. म्हणजे येथे पदार्थाचे नाव देशी, तर घटकांपैकी काही परदेशी आहेत.

‘अडोबो’ची स्थिती याच्या उलट आहे. फिलिपाइन्समधील लोक शिरक्यात मांस शिजवीत असत. त्यांच्या पदार्थात स्पॅनिश लोकांना आपल्या मुरवलेल्या मांसाचे साम्य दिसले आणि त्यांनी आपलेच नाव त्यास दिले. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा यांच्या १६१३ मध्ये छापलेल्या तागालोग कोशात हा स्थानिकांचा अडोबो म्हणून नोंदला आहे. कृती देशी आणि नाव परकी, असा हा दुसरा प्रकार होय.

गोव्यातील व वसईकडील ख्रिस्ती घरांतून होणारे ‘विंदालू’ तिसऱ्या प्रकारात मोडते. पोर्तुगीज सत्ता गोव्यात १५१० मध्ये आणि वसईत १५३४ मध्ये आली. ‘व्हिन्या द आल्योस’ या शब्दसमूहात द्राक्षमद्य आणि लसूण यांचा निर्देश आहे. इकडे मद्याची जागा माडीच्या शिरक्याने घेतली आणि मिरची व मसाले पडले. नाव टिकले, परंतु नावातील पहिला घटक भांड्यातून गेला. पुढे अंत्य अक्षरांत ‘आलू’ ऐकू येऊन काहींनी त्यात बटाटेही घातले. येथे नावाने पदार्थच बदलला.

चौथा प्रकार मराठीतच सापडतो. ‘मिरची’ हा शब्द संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिऱ्याशी निगडित आहे. वस्तू अमेरिकेतील, नाव मात्र देशी. केवळ नावावर विसंबल्यास मिरची प्राचीन भारतीय ठरेल. चिंचेचीही तीच गत आहे. अरबांनी तिला ‘तम्र हिंदी’ म्हणजे हिंदी खजूर म्हटले व तेच नाव युरोपात रूढ झाले. वृक्ष मात्र मूळचा आफ्रिकेतील मानला जातो.

मग विश्वसनीय साक्ष कोणती? या दृष्टीने क्रियापदांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. एका भाषेतून दुसरीत नामे जितक्या सहजतेने जातात तितक्या सहजतेने क्रियापदे जात नाहीत. पोर्तुगीजांकडून मराठीने पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी असे शब्द घेतले ते बहुतेक सर्व नामेच. उकडणे, परतणे, वाटणे, कालवणे ही क्रियापदे आपलीच राहिली. आगरी घरांतून माशाच्या आंबट रश्श्यास ‘कालवण’ म्हणतात. हा शब्द ‘कालवणे’ या क्रियापदापासून बनला आहे, जसा ‘सिनिगांग’ ‘सिगांग’पासून. दोन्ही शब्द कृती सांगतात, उगम सांगत नाहीत. आणि कृतीच्या बाबतीत नेमका भेद उघड होतो. एकात शिजविण्यावर भर आहे, तर दुसऱ्यात भातात मिसळण्यावर.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका सुरू झाली व बेलपाडा हे नाव एका स्थानकास मिळाले. वस्तीचे रूप पालटले तरी तिचे नाव राहील, अशी तजवीज झाली. स्वयंपाकघरातील क्रियापदांची अशी तजवीज कोणी करीत नाही. कृती थांबली की त्यांचा वापर थांबतो. म्हणून बोलींच्या पाहणीत पदार्थांच्या नावांची यादी करून थांबणे पुरेसे नाही. चुलीपाशी काय केले जाते व त्यास कोणते क्रियापद योजले जाते, हे बोलणारी पिढी हयात असतानाच टिपून घेतले पाहिजे. नामांच्या याद्या मागाहूनही करता येतील.