एकच गाडी, तीही रेसची

गेल्या महिन्यात मामेभावाचा मुलगा घरी आला. वय एकवीस, नुकतीच नोकरी लागलेली. सलाम झाला, चहा झाला आणि त्याने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर लाल रंगाची, पुढे वाकून बसायची, मागची सीट हातभर उंच असलेली रेसिंग बाइक. त्याचा बाप बरोबर होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम समझाओ इसको. घर में एकच गाडी आनेवाली है. अम्मी कां बैठेंगे उसपे?"

पोराने उत्तर तयार ठेवले होते. "दादा ने ली थी ना आरडी? तब किसीने नहीं पूछा."

त्याचे दादा म्हणजे माझे मामू. त्यांच्या आरडीची गोष्ट आमच्या खानदानात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातला वेग तेवढा शिल्लक राहिला आणि बाकी सगळे गळून गेले. तेव्हा विचारले होते, अनेकांनी विचारले होते. म्हणून हा लेख. मी इतिहासाचा नव्हे, भाषांचा शिक्षक आहे, पण पुढची हकीगत वाचून आणि निम्मी स्वतः बघून गोळा केलेली आहे.

मुळात आपल्याकडे मोटारसायकल घरात आली ती शौकाची वस्तू म्हणून नव्हे. पाश्चात्त्य देशांत सत्तरच्या दशकात वेगवान बाइक घेणाऱ्या अनेकांच्या दारात कार उभी असायची. पाऊस आला, सामान आणायचे असले, आईला दवाखान्यात न्यायचे असले तर कार होती. आपल्याकडे जी दोन चाके आली त्यांनीच दूधही आणायचे, मुलांना शाळेत सोडायचे, निकाहच्या पत्रिका वाटायच्या आणि रात्री दोन वाजता बाळंतिणीसाठी डॉक्टरही बोलवायचा. त्यामुळे 'कोणती बाइक चांगली' हा प्रश्न आपल्याकडे कधी एकट्या चालवणाऱ्याचा नव्हताच.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला निवड तरी कुठे होती? मद्रासची एनफिल्ड बुलेट होती, जड आणि महाग. मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला सुरू केलेल्या आयडियल जावाची गाडी होती, जी सत्तरच्या दशकात येझदी झाली. (हे नाव इराणातल्या यझद शहरावरून आले. माझ्या उर्दूच्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.) एस्कॉर्ट्सची 175 सीसीची राजदूत होती, पोलंडच्या तंत्रावर बनलेली, मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूधवाल्यांनी अजरामर केलेली. आणि या सगळ्यांच्या वर होती आकुर्डीची बजाज स्कूटर. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. स्कूटरला पुढे उभे राहायला जागा, मागे बायको, मध्ये मुलगा, हुकाला पिशवी. एका कुटुंबाचा अख्खा संसार त्या आकारात बसायचा.

अशा बाजारात 1983 साली एस्कॉर्ट्सने राजदूत 350 आणली. नाव दूधवाल्याच्या गाडीचे आणि आत यंत्र यामाहाच्या आरडी 350चे. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ज्या देशात चार गिअर म्हणजे पुष्कळ, तिथे सहा! जपानी मूळ गाडी 1973ची. तिची ताकद 39 बीएचपी आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. आपल्याकडे येताना ताकद सुमारे 30.5वर आणली गेली आणि खर्च वाचवायला डिस्कच्या जागी ड्रम ब्रेक बसवला गेला. म्हणजे पळण्याची ताकद तीन चतुर्थांश आली, पण थांबण्याची व्यवस्था जुनीच राहिली. त्यात टू-स्ट्रोक इंजिन. अॅक्सिलरेटर सोडला की फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला जसे मागे खेचते तसे हे खेचत नाही. ओल्या रस्त्यावर, पुढे अचानक बैलगाडी आली तर काय होत असेल ते वाचकांनी ताडावे. आरडीच्या आठवणी सांगणारे पिकअपबद्दल भरभरून बोलतात, ब्रेकबद्दल विचारले की हसतात.

दोनच वर्षांत कंपनीलाही कळले की इथले गिऱ्हाईक दुसराच प्रश्न विचारते. अॅव्हरेज किती देते? मग 1985च्या सुमारास इंजिनची ताकद आणखी उतरवून, सुमारे 27 बीएचपीची, थोडे कमी पेट्रोल पिणारी आवृत्ती आली. शौकीन लोक पहिलीला 'हाय टॉर्क' आणि दुसरीला 'लो टॉर्क' म्हणतात आणि आजही त्यावरून भांडतात. मला त्या बदलात एक वेगळीच गोष्ट दिसते. जगात शर्यतीसाठी नावाजलेल्या यंत्राला एका घराच्या महिन्याच्या हिशोबात बसवण्याची ती धडपड होती. ती जमली नाही. दशक संपता संपता राजदूत 350 बंद पडली.

मामूंनी ती घेतली 1986 साली, सौदीहून परतल्यावर. तेलाच्या भावाने इकडे पेट्रोल महाग केले आणि त्याच भावाने आपल्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या हजारो तरुणांना आखाती देशांत रोजगार दिला. तिथे कमावलेल्या पैशातून मामूंनी इकडे सर्वांत जास्त पेट्रोल पिणारी गाडी घेतली. गंमतच आहे.

पहिले सहा महिने मोहल्ल्यात ईद होती. मला आठवते ते सायलेन्सरचे दोन नळकांडे आणि निळसर धूर. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. मामू मला टाकीवर बसवून चौकापर्यंत नेत. मग हळूहळू घरातल्या गरजा त्या गाडीवर चढू लागल्या. गाडी लिटरला पंचविसाच्या आसपास जायची, वर टू-टी ऑइल वेगळे. मामानी बुरखा सावरत एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि मामूंनी गिअर टाकला की त्यांचा हात मामूंच्या खांद्यावरून सुटायचा. एकदा मंडईहून येताना त्या पडल्या. फार लागले नाही, पण त्यानंतर त्या त्या गाडीवर कधी बसल्या नाहीत. रिक्षाने जायच्या. घरात एकच गाडी आणि घरातली बाई रिक्षात, यावरून नानींनी मामूंना जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आणि गॅरेज. दोन सिलिंडर म्हणजे दोन कार्ब्युरेटर. दोघांचे मिश्रण आणि उघडझाप बरोबर मिळवली नाही तर एक सिलिंडर ओढणार आणि दुसरे फरफटत येणार. त्यात पॉइंटचे इग्निशन, तेही जुळवून ठेवावे लागे. हे काम करणारा आमच्या भागात एकच उस्ताद होता. कंपनीचे पुस्तक त्याने पाहिलेले नव्हते. इंग्रजी वाचताही येत नव्हते. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून तो कोणता कार्ब्युरेटर मागे आहे ते सांगायचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत गॅरेजची भाषा आजही दखनी आहे, याचे कारण अशी माणसे आणि त्यांच्या हाताखाली बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून आलेले शागिर्द. आरडीचे गुणगान होते, तेव्हा तिला जिवंत ठेवणाऱ्या या हातांची आठवण निघत नाही. त्या शागिर्दांच्या सुटलेल्या शाळेची तर नाहीच नाही.

1984 ते 1986 या काळात बाजार उलटा झाला. सरकारने परदेशी सहकार्याला वाट दिली आणि टीव्हीएसबरोबर सुझुकी, हीरोबरोबर होंडा, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहाची आरएक्स 100, बजाजबरोबर कावासाकी अशा शंभर सीसीच्या गाड्या आल्या. होंडाची सीडी 100 फोर-स्ट्रोक, जाहिरातीत लिटरला 80 किलोमीटरचा दावा. मामूंनी आरडी विकली आणि तीच घेतली. आरएक्स 100चा रस्ता मधला होता. 98 सीसी, 11 बीएचपी, वजनाला हलकी, दुरुस्तीला सोपी आणि पिकअप असा की पुढे सिनेमापासून पोलिसांच्या नोंदीपर्यंत तिचे नाव झाले. वेगाची हौस आणि घराचा हिशोब यांत पहिली खरी तडजोड तिने केली असे माझे मत आहे. 1996ला ती थांबली आणि प्रदूषणाच्या नियमांनी पुढे टू-स्ट्रोक बाइकचा काळच आवरता घेतला.

मग पुण्याची गोष्ट. 1999मध्ये हीरो होंडाची सीबीझेड आली आणि 2001मध्ये बजाजने चाकणहून पल्सर काढली, 150 आणि 180 सीसी. 180ची ताकद 15 बीएचपी, म्हणजे आरडीच्या निम्मी. पण पुढे डिस्क ब्रेक, मागे आई बसेल अशी लांब सीट, आणि अॅव्हरेज नोकरदाराला परवडणारे. आयुष्यभर चेतकच्या पाठीवर बसून गेलेल्या बापाला मुलाच्या या गाडीवर बसताना पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न पडला नाही. ज्या कंपनीने स्कूटरवर घर उभे केले, तिने 2009च्या अखेरीस स्कूटर बनवणे बंद करण्याचे जाहीर केले. पुढे ती परतली, पण तेव्हाचा कौल स्पष्ट होता.

याच काळात हप्ते घराघरात आले. आमच्या समाजात तो विषय वेगळा. सूद नको म्हणून कित्येक बाप दोन-तीन वर्षे बीसी भरून रोख रकमेत गाडी घेत. कित्येकांनी मुलाच्या हट्टापुढे हप्ते घेतले आणि जुम्याच्या खुतब्यात मान खाली घातली. काहींच्या घरी आईची बांगडी गेली. गाडीच्या किमतीत हे कुठे लिहिलेले नसते.

2003ची करिझ्मा, 2004चा 'धूम' सिनेमा, 2008ची यामाहा आर 15. 'धूम'मधल्या हजार-तेराशे सीसीच्या गाड्या कोणाच्याच आवाक्यातल्या नव्हत्या. आर 15 होती. दीडशे सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, पुन्हा सहा गिअर. आरडीनंतर पंचवीस वर्षांनी यामाहाने शर्यतीचे रूप पुन्हा घरात आणले, यावेळी लिटरला चाळीसच्या आसपास देणारे. पहिल्या आर 15ची सीट सलग होती. 2011च्या दुसऱ्या आवृत्तीत खऱ्या रेसिंग बाइकसारखी दुभंगलेली, मागचा तुकडा उंच. दिसायला झकास. आणि 2015मध्ये कंपनीला 'आर 15 एस' नावाची गाडी काढावी लागली, जिचे मुख्य वैशिष्ट्य काय? सीट पुन्हा सलग. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. भारतातल्या आयांनी, बहिणींनी आणि बायकांनी, शोरूममध्ये एक शब्द न बोलता, एका जपानी कंपनीचा नकाशा बदलायला लावला. तसेही आपल्या मोटार वाहन नियमांत 1989पासून मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि निम्मे चाक झाकणारी जाळी सक्तीची आहे. त्या जाळीला आपण साडीगार्ड म्हणतो. कायद्यालाही माहीत आहे की मागे कोणीतरी बसणारच.

आता एक कडू गोष्ट. शाबानची पंधरावी, बडी रात. लोक कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी दुआ मागतात. त्याच रात्री मुंबईत आणि इतर शहरांत एका गाडीवर तिघे, विनाहेल्मेट, पुढचे चाक उचलून पळणारी पोरेही असतात. पोलिस नाकाबंदी लावतात, उलेमा आणि मोहल्ल्यातल्या संघटना आधीपासून आवाहने करतात. 31 डिसेंबरला किंवा दहीहंडीला हेच करणाऱ्या पोरांच्या धर्माची चर्चा होत नाही आणि आमच्या पोरांच्या होते, ही तक्रार खरी आहे. पण ती तक्रार मी पालकसभेत करत नाही. तिथे मी 2019च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो: अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. केंद्राच्या 2022च्या अहवालात रस्त्यावर मेलेल्यांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते, तेही सांगतो. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या जनाज्याला मी खांदा दिला आहे. एकाची गाडी महिनाभराची होती, तिला नंबरप्लेटही लागलेली नव्हती.

हे सगळे मी भाच्याला एका बैठकीत सांगितले नाही. त्याने ऐकले नसते. रेसिंग बाइक घेऊ नको असेही म्हणालो नाही. घाटात तशा गाडीवर बसण्यात काय सुख आहे ते मला ठाऊक आहे, आणि आजच्या अशा गाडीचे ब्रेक मामूंच्या आरडीपेक्षा कितीतरी बरे आहेत. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आहे. मी इतकेच म्हणालो की शोरूमला एकटा जाऊ नको, दादीला घेऊन जा.

मामानी आता सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात. रविवारी तो त्यांना रिक्षाने शोरूममध्ये घेऊन गेला. लाल गाडी स्टँडवर उभी होती. मामानींनी मागच्या सीटची उंची पाहिली, तिच्यावर हात फिरवला आणि सेल्समनला विचारले, "बेटा, इसपे कितने सीढियां लगते?" मग शेजारच्या सलग सीटच्या गाडीवर आडव्या बसल्या, धरायची कडी चाचपली आणि नातवाला म्हणाल्या, "पहले ब्रेक दिखा."

पोराने अजून बुकिंग केलेले नाही. काल त्याचा मेसेज आला. दादांची आरडी कोणाला विकली होती, ते विचारत होता.