फ्रेशवॉटर प्रकरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओहायओ राज्यात, माउंट व्हर्नन या गावच्या सरकारी शाळेत इयत्ता आठवीस विज्ञान शिकविणारे जॉन फ्रेशवॉटर यांच्या बडतर्फीवरून 2008 साली उपस्थित झालेला आणि 2013 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालेला वाद. करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या शाळेत, विज्ञानाच्या तासाला, शिक्षकाने स्वतःच्या धर्मश्रद्धेस कितपत वाव द्यावा, आणि ती मर्यादा ओलांडली गेल्यास त्या कृतीस मतस्वातंत्र्य म्हणावे की सेवेतील गैरवर्तन, हा प्रश्न त्या देशात जवळजवळ शतकभर गाजत आला असून त्याची क्षुल्लक आणि गंभीर अशी दोन्ही अंगे या एकाच कज्जात पाहावयास मिळतात.

या कज्जाची पूर्वपीठिका 1925 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी टेनेसी राज्याने मानव हा कनिष्ठ प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे शिकविण्यास कायद्याने बंदी केली आणि डेटन येथील जॉन स्कोप्स या शिक्षकास ती मोडल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. दंडाची रक्कम ज्यूरीने ठरवावयाची ती न्यायाधीशाने ठरविली, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर 1927 मध्ये ती शिक्षा रद्द झाली. कायदा मात्र 1967 पर्यंत तसाच राहिला. पुढे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये आर्कान्सा राज्याचा असाच कायदा, आणि 1987 मध्ये उत्क्रांतिवादाच्या जोडीने सृष्टिनिर्मितिवादही शिकविलाच पाहिजे असे फर्माविणारा लुइझियाना राज्याचा कायदा, धर्मसंस्थेस राजाश्रय देण्याची मनाई करणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीशी विसंगत ठरवून रद्द केला. कायद्यांचा मार्ग असा खुंटल्यावर वाद वर्गाच्या चार भिंतींत शिरला, आणि डेटनच्या आरोपीची जागा आता उलट बाजूच्या शिक्षकाने घेतली. इलिनॉयमधील एका शिक्षकाने 1990 मध्ये, तर कॅलिफोर्नियातील जॉन पेलोझा या जीवशास्त्राच्या शिक्षकाने 1994 मध्ये, आपल्या वाक्‌स्वातंत्र्याचा दाखला देऊन संघराज्याच्या अपील न्यायालयांकडे दाद मागितली. वर्गात बोलणारा शिक्षक हा संस्थेचा वेतनभोगी प्रवक्ता होय, स्वैर व्याख्याता नव्हे, अशा आशयाची भूमिका घेऊन न्यायालयांनी ती नाकारली.

फ्रेशवॉटर यांची नेमणूक योगायोगाने 1987 मधलीच. विद्यार्थ्यांचा त्यांच्याकडे ओढा होता, आणि त्यांच्या निष्ठावंत पाठीराख्यांची संख्या गावात अखेरपर्यंत मोठी राहिली, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येण्यासारखी नव्हती. 2003 मध्ये त्यांनी उत्क्रांतिवादाची चिकित्सा अभ्यासक्रमात अंतर्भूत करावी असा प्रस्ताव शाळा मंडळापुढे मांडला व मंडळाने तो फेटाळला. पुढील सर्व घटनांचे मर्म या नकारात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण नियम काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाची चूक आणि नियम बदलून मागून, तो न बदलल्याचे पाहून, मग केलेले वर्तन, या दोहोंस एकाच मापाने मोजता येत नाही.

बडतर्फीच्या चौकशीत पुढे आलेली फ्रेशवॉटर यांची पाठपत्रके या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. त्यांतील एकात सुतारपक्ष्याची, दुसऱ्यात जिराफाची शरीररचना घेतली होती, आणि इतकी परस्परावलंबी रचना टप्प्याटप्प्याने कशी घडेल, असा प्रश्न मुलांपुढे ठेवला होता. सुतारपक्ष्याची लांब जीभ ज्या कंठास्थीवर आधारलेली असते तिच्या दोन शाखा कवटीच्या मागून वळसा घेऊन कपाळापर्यंत येतात, हे खरे. परंतु त्याच अस्थी इतर पक्ष्यांतही आखूड स्वरूपात असतात आणि त्यांच्या लांबीचे अनेक टप्पे निरनिराळ्या जातींत दिसतात, ही तुलनात्मक शरीरशास्त्रातील साधी माहिती दिली की त्या प्रश्नातील गूढ बरेचसे ओसरते. प्रश्न विचारला गेला, यात दोष नव्हता. ज्या माहितीने त्याचे उत्तर शोधता आले असते ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपासून दूर राहिली, यात होता. पाठ्यपुस्तकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या घटनेसंबंधी निश्चयात्मक विधान आले की मुलांनी ‘येथे’ अशा अर्थाचा शब्द उच्चारून त्यावर बोट ठेवावे, असा प्रघात वर्गात पाडला गेल्याचेही साक्षींत आले. संशय घेणे हा विज्ञानाचा धर्मच आहे हे मान्य केले, तरी पुरावा तपासण्यापूर्वीच संशयाची जागा मुक्रर करून देणे म्हणजे चिकित्सेचा देखावा उभा करणे होय.

जनतेचे लक्ष मात्र या पत्रकांनी नव्हे, एका विद्युत्-उपकरणाने वेधून घेतले. वायूने भरलेल्या काचनलिका प्रकाशमान करून दाखविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, टेस्ला वेटोळ्याच्या जातीच्या उच्चदाबी साधनाचा स्पर्श फ्रेशवॉटर यांनी डिसेंबर 2007 मध्ये स्वखुशीने पुढे आलेल्या काही विद्यार्थ्यांच्या हातांना केला. त्यांपैकी एकाच्या हातावर क्रूसाच्या आकाराचा व्रण उठल्याची तक्रार त्याच्या पालकांनी छायाचित्रांसह केली. आपण काढली ती फुली होती, क्रूस नव्हे, असे शिक्षकाचे म्हणणे. हे साधन त्वचेस लावू नये ही खबरदारी कोणत्याही आकृतीस लागू पडते, त्यामुळे फुली की क्रूस हा वाद सुरक्षिततेच्या दृष्टीने निरर्थक होता. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. चौकशी अधिकाऱ्याने हा आरोप बडतर्फीस पुरेसा मानला नाही.

एप्रिल 2008 मध्ये मुख्याध्यापकांनी वर्गातील धार्मिक साहित्य हटविण्याचा लेखी हुकूम दिला. दारावरील दहा आज्ञांची पत्रके निघाली. टेबलावरचे स्वतःचे बायबल हटविण्यास मात्र फ्रेशवॉटर यांनी नकार दिला आणि गावच्या चौकात उभे राहून तसे जाहीरही केले. राष्ट्राध्यक्ष बुश व त्यांचे सहकारी प्रार्थना करीत असल्याचे दाखविणारे, खाली बायबलमधील वचन असलेले भित्तिचित्र तसेच राहिले. इतकेच नव्हे, तर हुकूम हाती पडल्यानंतर शाळेच्या ग्रंथालयातून बायबलची एक प्रत व येशूच्या जीवनावरील एक पुस्तक काढून आणून त्यांनी ती प्रयोगाच्या टेबलावर मांडून ठेवली. जूनमध्ये मंडळाने बडतर्फीचा ठराव पुढे आणला. ऑक्टोबर 2008 मध्ये सुरू झालेली चौकशी तहकुबीमागून तहकुबी होत जून 2010 पर्यंत लांबली. तीत ऐंशीहून अधिक साक्षीदार तपासले गेले व जबान्यांची पाने सहा हजारांच्या वर गेली. जानेवारी 2011 मध्ये, वैयक्तिक धर्ममते अध्यापनात घुसविणे आणि वरिष्ठांची आज्ञा मोडणे या दोन कारणांवरून मंडळाने त्यांस सेवेतून दूर केले.

खालच्या दोन न्यायालयांनी हा निर्णय उचलून धरल्यावर प्रकरण ओहायओच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. 19 नोव्हेंबर 2013 रोजी चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने दिलेल्या निकालात मुख्य न्यायमूर्ती मॉरीन ओकॉनर यांनी एक सूक्ष्म भेद केला. टेबलावरचे स्वतःचे बायबल हटविण्याचा हुकूम शिक्षकाच्या धर्मस्वातंत्र्यावर अतिक्रमण करणारा होता, सबब तो न पाळणे हा आज्ञाभंग नव्हे; परंतु भित्तिचित्र न काढणे आणि ग्रंथालयातील पुस्तके आणून मांडणे हा आज्ञाभंगच होय, आणि तेवढे कारण बडतर्फीस पुरेसे आहे. ते पुरेसे ठरल्यामुळे अध्यापनस्वातंत्र्याच्या घटनात्मक प्रश्नाकडे वळण्याचे कारण न्यायालयास उरले नाही. ज्या प्रश्नासाठी अपील दाखल करून घेतले तोच टाळला गेला, ही विरुद्ध मत नोंदविणाऱ्यांची तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. मर्यादेत राहून निवाडा करणे हे न्यायालयाचे शील खरे. पण त्यामुळे विज्ञान शिकविण्यातील कसूर बाजूस राहिली आणि शिक्षा झाली ती भिंतीवरच्या एका कागदापायी, असा समज पाठीराख्यांत दृढ होण्यास मोकळीक मिळाली.

वर्गात धर्माविषयी बोलण्यावरील शिक्षकाचे बंधन एका बाजूस झुकलेले नाही, हे दाखविणारा दाखला पेलोझा यांच्याच शालेय जिल्ह्यातला आहे. तेथील इतिहासाच्या एका शिक्षकाने पेलोझांच्या सृष्टिनिर्मितिवादास वर्गात अंधश्रद्धेचा मूर्खपणा या अर्थाचे विशेषण लावले, तेव्हा 2009 मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने ते विधान धर्माविषयीच्या सरकारी तटस्थतेचा भंग करणारे ठरविले; 2011 मध्ये अपील न्यायालयाने, त्या वेळी या बाबतीत कायदा स्पष्ट नव्हता म्हणून, शिक्षकास दायित्वातून मुक्त केले.

फ्रेशवॉटर यांच्यासारखे उघड वर्तन हा या विषयाचा लहान भाग होय. मायकेल बर्कमन व एरिक प्लट्झर यांनी 2007 मध्ये सरकारी माध्यमिक शाळांतील जीवशास्त्राच्या 926 शिक्षकांची पाहणी करून 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सृष्टिनिर्मितिवादाचा पुरस्कार करणारे सुमारे 13 टक्के, उत्क्रांतिवाद निःसंदिग्धपणे शिकविणारे सुमारे 28 टक्के आढळले, आणि उरलेले जवळजवळ 60 टक्के तंटा नको म्हणून विषय संदिग्ध ठेवणारे किंवा वरवर उरकणारे होते. कोणत्याही सेवानियमाखाली यांची चौकशी होत नाही. विज्ञानशिक्षणाची अधिक हानी मात्र त्यांच्याच हातून होते.

संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2014 मध्ये फ्रेशवॉटर यांचा अर्ज दाखल करून घेण्याचे नाकारले व बडतर्फी कायम झाली. उत्क्रांतिवादाची चिकित्सा शिक्षकाने कोठवर करावी, यावर या प्रकरणात कोणत्याही सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिलेला नाही.