दारिद्र्यरेषा आणि कामाची हमी

गरीब किती आणि वाढत्या उत्पन्नात त्यांचा वाटा किती, हे ठरवताना भारतातील अर्थशास्त्रज्ञ प्रामुख्याने कुटुंबाचा खर्च मोजत आले आहेत. त्याचे कारण सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात चटकन कळते. एका वर्षी कोरडवाहू रानात ज्वारी चांगली पिकते, तर पुढच्या वर्षी पेरलेले बियाणेही वाया जाते. पिकलेले बरेचसे घरीच खाल्ले जाते, अडीनडीला उसनवारी होते. अशा घराचे वर्षाचे उत्पन्न विचारून हाती फारसे काही लागत नाही. महिनाभरात काय शिजले आणि काय विकत आणले, याचा हिशेब मात्र लागतो. घरच्या ज्वारीचीही किंमत त्यात धरतात.

असे हिशेब १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने देशभर गोळा केले. त्यांच्या आधारे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर लोक घेतात, ती पातळी त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही रेषा ग्रामीण भागात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ठरली. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष विषमतेचा होता. साठच्या दशकात देशाचे उत्पन्न वाढले, पण तळाच्या २० टक्के ग्रामस्थांची स्थिती जिथल्या तिथे राहिली आणि शहरांतील तळाच्या २० टक्क्यांची आणखी खालावली. सरासरी वाढली म्हणजे गरिबी हटली, असे होत नाही, हे आकड्यांनी दाखवले. भूमिहीनांना आणि अल्पभूधारकांना पुरेल एवढी जमीन नसल्याने सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा, हा त्यांचा उपाय होता.

त्याच सुमारास हा विचार सांगली जिल्ह्यातच प्रत्यक्षात उतरत होता. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६९ मध्ये कवठे महांकाळला लागून असलेल्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे कामाच्या हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

या योजनेत गरीब कोण हे ठरवायला यादी लागत नव्हती. पाझर तलावावर माती उपसायची, रस्त्यासाठी खडी फोडायची, केलेल्या कामाचे माप घेऊन मजुरी मिळायची. इतक्या कष्टाला, तेही थोड्या मजुरीत, खरी गरज असलेलाच येतो. बायका मोठ्या संख्येने हमीच्या कामावर आल्या.

मोजमापाची पद्धत पुढे बदलली. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये कॅलरीचा निकष सोडून शिक्षण व आरोग्यावरील खर्च विचारात घेतला. २००४-०५ मधील ग्रामीण गरिबीचे प्रमाण २८.३ ऐवजी ४१.८ टक्के ठरले. कामाच्या हमीचा कायदा २००५ मध्ये देशभरासाठी झाला. रेषा गरिबांची संख्या सांगते, पण पाऊस हुकलेल्या वर्षी कोणत्या घरात चूल पेटणार नाही, हे सांगत नाही. ती उणीव मागेल त्याला काम देणाऱ्या हमीने भरून काढली.