हवामानबदल, वाहतूक आणि लोकांच्या हरकती-सूचना (सोलापूर जिल्हा)

रस्ते, लोहमार्ग आणि पूल बदलत्या हवामानात टिकावेत यासाठी शासनाने धोरण आखताना, ते पक्के होण्याआधी, नागरिकांचे म्हणणे मागवण्याची प्रक्रिया. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २०२४ मध्ये असे धोरण लोकांपुढे विचारासाठी ठेवले. भारतात हरकत घेण्याचा हक्क आहे, पण तो बहुधा प्रकल्प आखून झाल्यावर, जमिनीच्या निमित्ताने मिळतो. पुलाची उंची आणि मोरीची रुंदी ठरण्यापूर्वीच लोकांना विचारले पाहिजे, हे सोलापूर जिल्ह्याच्या अनुभवावरून दिसते.

वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा अवर्षणप्रवण जिल्हा. पुराचा विचार येथे दुय्यम ठरावा, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात भीमा नदी सह्याद्रीतले पाणी उजनी धरणामार्गे आणते, तर सीना नदीला अहिल्यानगर, धाराशिव आणि बार्शीकडच्या पावसाचे पाणी मिळते. त्यामुळे गावात फारसा पाऊस नसतानाही नदी पात्र सोडते. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने जिल्ह्यात रस्ते, पूल आणि शेते पाण्याखाली गेली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसे दगावली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुरामुळे लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्ग बंद करावा लागला आणि विजयपूरकडची वाहतूकही थांबली. १८६० मध्ये सोलापूरला पोहोचलेला लोहमार्ग आज मुंबई–चेन्नई मार्गाचा भाग आहे, आणि पुणे–हैदराबाद महामार्गही याच शहरातून जातो. येथे अडलेली वाहतूक म्हणूनच एका जिल्ह्याचा प्रश्न राहत नाही. उन्हाळ्याचा ताण वेगळा आहे. पारा चाळिशीपलीकडे गेला की रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. सलग जोडलेल्या रुळांना प्रसरणाला जागा कमी असल्याने ते वाकण्याचा धोका वाढतो, आणि भर दुपारी लोहमार्गावर गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या जिवावरही हे ऊन बेतते.

कायद्यात लोकांच्या आवाजाला दिलेली जागा अरुंद आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार भूसंपादनाच्या अधिसूचनेवर २१ दिवसांत हरकत घेता येते, पण ती जमिनीच्या वापरापुरती. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेत जनसुनावणीची तरतूद आहे. मात्र लोहमार्ग त्या अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीतच नाहीत, आणि महामार्गांच्या रुंदीकरणाची बरीच कामे तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय या सुनावणीचा मुख्य प्रश्न प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, हा असतो. बदललेला पाऊस आणि वाढलेले ऊन त्या प्रकल्पाचे काय करतील, हे विचारले जावे अशी हमी तिच्यात नाही. २००८च्या राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखड्यातील आठ अभियानांतही वाहतुकीचे स्वतंत्र अभियान नव्हते. शहरी वाहतूक शाश्वत अधिवासाच्या अभियानात आली, लोहमार्ग आणि महामार्ग बाजूलाच राहिले.

पुलाचे गणित अभियंत्यांचे, त्यात गावकऱ्यांना काय विचारायचे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. गणित अभियंत्यांचेच राहावे. पण ते मागील पर्जन्यमान आणि विसर्गाच्या नोंदींवर उभे असते, आणि लहान ओढ्यांवर अशा नोंदी बहुधा नसतात. रस्त्याच्या भरावाने पाणी कोणत्या शेतात तुंबले, कोणती मोरी गाळाने बुजली, कोणत्या देवळाच्या पायरीपर्यंत पूर आला, हे गावाला ठाऊक असते. आठवण चुकू शकते. म्हणून ती भिंतीवरच्या खुणा आणि तलाठ्याच्या पंचनाम्यांशी ताडून घ्यावी. दुसरा आक्षेप असा की सुनावण्या मोबदल्याच्या वादात अडकतात आणि काम रखडते. तसे घडते, कारण शेतकऱ्याला बोलण्याची एकच संधी मिळते आणि तीही जमीन जाताना. आधी विचारले तर हा ताण काही अंशी कमी होईल. पूर्ण मिटेल, असे नाही.

खरा अवघड मुद्दा पैशांचा आहे. सगळे पूल उंच करता येणार नाहीत, तेव्हा काही रस्ते पुरात बुडतील हे गृहीत धरावेच लागेल. मग कोणते? महामार्ग वाचवताना भराव वाढवला आणि पाणी शेजारच्या वस्तीत गेले, तर ते नुकसान कोणी सोसायचे? दुधाची गाडी, शाळेची एसटी, बाळंतिणीला नेणारी रुग्णवाहिका जिल्हा परिषदेच्या ज्या रस्त्यांवरून जाते, ते राष्ट्रीय आराखड्यात दिसतही नाहीत. कोणते गाव किती तास तुटलेले चालेल, हे कोणत्याही सूत्रातून निघत नाही. ज्यांनी ते तास काढायचे, त्यांच्याशी बोलूनच हा निर्णय न्याय्य होऊ शकतो, आणि तो बंद खोलीत घेणे हा त्या गावांवर अन्याय आहे.

अशी विचारणा नावापुरती राहू नये यासाठी मसुदा इंग्रजीत ठेवून भागत नाही. मराठीबरोबरच अक्कलकोट व दक्षिण सोलापूरच्या सीमेलगतच्या गावांसाठी कन्नड, आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्त्यांसाठी तेलुगू लागते. पेरणी आणि आषाढी वारीच्या दिवसांत मुदत संपणारी सूचना या जिल्ह्यात फार थोड्यांपर्यंत पोहोचेल. आलेल्या प्रत्येक हरकतीवर ती स्वीकारली की नाकारली, आणि का, हे लेखी कळवून ग्रामसभेत वाचून दाखवणेही प्रक्रियेचा भाग असावे.